दहाला चौदा

त्या रविवारी दुपारी मी आईच्या घरी गेलो, तो फक्त माळा रिकामा करायला. घर विकलं होतं, आई माझ्याकडे राहायला येणार होती आणि वरच्या खोलीतल्या माळ्यावरचं सामान तेवढं उरलं होतं. माझं काम दातांच्या कवळ्या बनवण्याचं. दिवसभर मेण, प्लास्टर आणि कानस, त्यामुळे धुळीचं मला कौतुक नाही. तासाभरात उरकेल म्हणून शिडी लावली. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

आई खाली खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. नव्वदीला टेकलेली, नजर जवळजवळ गेलेली, कान मात्र तिखट.

"सांभाळून चढ रे," ती खालून म्हणाली. "पडलास तर तुझीच कवळी तुला बसवावी लागेल."

जुने पेपर, मोडकी छत्री, कुणाच्या तरी शाळेच्या वह्या... आणि सगळ्यात मागे एक लांबट पुठ्ठ्याचा खोका. झाकण उचललं तर आधी वास आला. गोंदाचा तो झोंबरा वास आणि त्याच्या मागून एरंडेलाचा. मी शिडीच्या पायरीवरच बसलो.

आत दादाचं पिवळं विमान होतं.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आधी आम्ही नुसते ग्लायडर करायचो. नाकाला मातीचा गोळा चिकटवायचा, गच्चीवरून हाताने फेकायचं आणि ते अलगद तरंगत खाली जाताना श्वास रोखून बघत राहायचं. मग दादाने रबरावर उडणारं विमान केलं. बाल्साच्या, म्हणजे पिसासारख्या हलक्या लाकडाच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पिवळा कागद, पोटातून शेपटीपर्यंत एरंडेल चोळलेला रबराचा पट्टा आणि नाकावर लाकडी पंखा. पंखा बोटाने फिरवत राहिलं की रबराला पीळ बसायचा. सोडलं की पीळ सुटायचा आणि ते घरघरत वर चढायचं. त्या घरघरीसाठी मी आठवडाभर शहाण्यासारखा वागायचो. आज माझा हात कामावर थरथरत नाही, तो दादाने तेव्हा काड्या घासायला बसवलं म्हणून. खरं सांगतो, तसा आनंद मला पुढे कशातच झाला नाही.

विमान दादा धरायचा. पीळ मी भरायचो, कारण माझं बोट बारीक. मोजायचोही मीच, मोठ्याने. दोनशे चाळीस, त्याच्यावर एक नाही. मैदानाच्या टोकाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे दगडाची जुनी खाण. दोनशे चाळीसला विमान कुंपणाच्या अलीकडे उतरतं, हे दादाने पावलं मोजून, वहीत लिहून ठरवलं होतं. आणि पीळ भरलेलं विमान तसंच ठेवायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. रबर थकतं, म्हणायचा.

एका रविवारी मला ते कुंपणापलीकडे जाताना बघायचं होतं. एवढंच. मी तोंडाने दहा म्हणत होतो आणि बोटाने चौदा भरत होतो. दर दहाला चार चोरून. दादा वाऱ्याचा अंदाज घेत आभाळाकडे बघत होता. माझ्या मोजणीकडे त्याला कधी लक्ष द्यावंच लागलं नव्हतं.

विमान कुंपणावरून गेलं. दादा वर बघत धावला, तारेखालून पलीकडे गेला आणि वर बघतच धावत राहिला. खाणीत पाणी नव्हतं. असतं तर वाचला असता, असं सगळे म्हणाले.

विमान मात्र सापडलं नाही. खाण, झुडपं, पलीकडची शेतं, सगळं पालथं घातलं. वाऱ्याने गेलं असेल, म्हणाले. मीही वाराच म्हणालो. ती मोजणी मी कुणालाच सांगितली नाही. आईला तर नाहीच.

आणि आता ते खोक्यात होतं. डाव्या पंखावर माझ्या अंगठ्याने पडलेलं भोक, त्यावर दादाने लावलेलं लाल ठिगळ. बावन्न वर्षांत रबराचा भुगा व्हायला हवा होता. हे मऊ होतं, तेल लावलेलं आणि गाठीगाठी येईपर्यंत पिळलेलं. फिरू नये म्हणून पंख्यात काडी अडकवली होती.

मी काडी काढली, पंखा बोटाने धरला आणि मोजत एकेक फेरा सोडू लागलो. दोनशे चाळीस आले. रबर अजून ताठच होतं. दोनशे ऐंशी... तीनशे... माझा आवाज मलाच परका वाटत होता. तीनशे छत्तीसला पंखा थांबला.

चोवीस वेळा चौदा. हा आकडा जगात फक्त मला ठाऊक होता.

"किती भरले?" खालून आईने विचारलं.

मी विमान परत खोक्यात ठेवलं.

"मोजताना ऐकलं मी... खाली ये."

मी खोका घेऊन खाली गेलो. तिने पंखावरून बोटं फिरवली, लाल ठिगळापाशी थांबली. तिला नवल वाटल्याचं दिसलं नाही.

"म्हणजे आणून ठेवलं त्याने," ती म्हणाली.

"कुणी?"

"तो येतो ना रविवारी... या वेळेला. फार बोलत नाही. एकच म्हणतो, बारक्याला विचार, त्या दिवशी किती भरले होते." तिने चाचपडत माझं मनगट धरलं. "इतकी वर्षं नाही विचारलं. म्हटलं, तू होऊन सांगशील. आता विचारते. किती रे?"

तिचा हात गरम होता. सांगून टाकलं असतं तर ती रागावली नसती, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरीही माझी जीभ रेटेना.

"दोनशे चाळीस," मी म्हणालो. "दादाने सांगितले तेवढेच."

तिने हळूच हात काढून घेतला.

"बरं. तसं सांगते त्याला."

वर, रिकाम्या खोलीत, शिडीची एक पायरी वाजली. मग दुसरी.

आई माझ्याकडे आलीच नाही. दोन आठवड्यांनी, सामानाची बांधाबांध झालेली असताना, झोपेतच गेली. विमान मी माझ्या कामाच्या खोलीत काचेच्या कपाटात ठेवलं. पीळ पूर्ण सोडून, कुलूप लावून. ती गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी दुपारी कपाटातून बारीक करकर आली. उघडलं तर रबराला पीळ बसला होता. सोडून मोजले, चौदा. पुढच्या रविवारी अठ्ठावीस. दर वेळी मी सगळा पीळ सोडून ठेवतो आणि दर वेळी चौदा जास्त निघतात.

जाळून का टाकत नाही, असं विचाराल. दादाच्या हातचं तेवढंच उरलंय हो. आईच्या फोटोपुढे उभा राहून मी सगळं खरं सांगितलं, ढसाढसा रडलो. काही फरक पडला नाही. विचारलं तेव्हा सांगायला हवं होतं.

गेल्या रविवारी तीनशे बावीस निघाले, म्हणजे उद्या तीनशे छत्तीस. उद्या दुपारी तुम्ही याल का? मोजायला दुसरं कुणीतरी हवं आहे. माझ्या मोजणीवर त्याचा भरवसा उरलेला नाही.

माझी खोली चौथ्या मजल्यावर आहे. धूळ येते म्हणून तिथली खिडकी मी कायम बंद ठेवतो. आज सकाळी ती सताड उघडी होती आणि कुलूपबंद कपाटात विमानाचं नाक तिच्याकडे वळलेलं होतं.