हिरव्या दाराचा डबा

साडूच्या घरून एक डबा आणायचा, एवढंच काम होतं. घड्याळजीने भरदुपारी दुकानाची फळी ओढली, हातांचं तेल फडक्याला पुसलं आणि निघाला. आभाळ भरलेलं होतं, वारा पडला होता. रस्त्यात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

साडू जाऊन महिना होत आला होता. हा साडू म्हणजे घड्याळजीच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जन्मभर बोटीवर नोकरी केलेला, अंगाने दांडगा, झुबकेदार मिशांचा, गप्पिष्ट माणूस. खिशातल्या रुमालाला कायम निलगिरीचं तेल. तो यायच्या आधी तो वास खोलीत यायचा, आणि तो गेल्यावरही बसून राहायचा.

दोघांना एकच वेड. पत्र्याचे जुने, चित्रांचे डबे. चहाचे, बिस्किटांचे, गोळ्यांचे, तंबाखूचे. फरक इतकाच, की घड्याळजी भंगारवाल्याच्या ढिगात हात काळे करून एखादा पोचे आलेला डबा काढायचा, आणि साडू बंदराबंदरांतून चांगले चांगले घेऊन यायचा. बर्फावर घसरणाऱ्या मुली, दीपगृह, छत्री धरलेला पोपट. साडूचे डबे काचेच्या कपाटात, घड्याळजीचे खाटेखाली.

"काय काटेवाले," साडू म्हणायचा, "किती वाजले तुमच्याकडे?"

सगळे हसायचे. घड्याळजीची बायको सगळ्यांच्या आधी. डबे परवडले, पण ते हसू त्याला खुपायचं. त्याच्या बोलण्यावर ती तशी कधी हसली नव्हती. "भावोजी असले की घर कसं भरल्यासारखं वाटतं," असं ती परतताना म्हणायची, आणि हा चार पावलं पुढे चालू लागायचा.

शेवटच्या फेरीहून साडूने एक डबा आणला होता. काळ्या रंगावर सोनेरी वेल, झाकणावर एक हिरवं दार, अर्धवट उघडं. खालची अक्षरं कुणालाच वाचता येईनात. जुने डबे ठेवायची रीत अशी, की झाकण तिरकं आणि सैल ठेवायचं. हवा खेळती राहिली की आतून गंज धरत नाही. साडूचे सगळे डबे तसेच असायचे. हा एकच घट्ट बंद, वर सुतळीने करकचून बांधलेला. साडूने तो कधी हातात दिला नाही. "याला नुसतं बघायचं," एवढंच म्हणाला होता, तेही खालच्या आवाजात. त्यानंतर तो फारसा बोलेनासाच झाला.

ताईने, म्हणजे साडूच्या बायकोने, दार उघडलं. घड्याळजी आत आला आणि थबकला. घराला वासच नव्हता. निलगिरीचा नाही, चुलीचा नाही, धुतल्या कपड्यांचाही नाही.

"हवा तो एक न्या," ताई म्हणाली. "ते असते तर दिला नसता, मला ठाऊक आहे. तिला नाही आणलंत?"

"काम होतं तिला."

काम कसलं आलंय? ती इथे आली असती तर रडली असती, आणि त्या माणसासाठी तिचं रडणं घड्याळजीने महिनाभर ऐकलं होतं. त्याने कपाट उघडलं. हात सरळ वरच्या फळीवर गेला.

"तो नको," ताई पटकन बोलली.

"का?"

ताईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकदा हा डबा उघडून, आत तोंड घालून बसले होते. त्यानंतर त्यांच्या अंगाला निराळाच वास यायला लागला. तंबाखूचा. ते तंबाखूला कधी शिवले नव्हते हो. रुमालाला तेल लावायचे, पण तेलाचा वास नाही... तंबाखूचाच. मग त्यांनीच याला सुतळी बांधली. आणि शेवटी शेवटी बिछान्यात पडून म्हणायचे, अगं, मी दारात उभा आहे... मला आत घे."

"तापात माणूस काहीही बोलतो, ताई."

"ताप नव्हता."

घड्याळजीने डबा काखेत मारला. त्याच्या मनात एकच आलं. मेल्यावरही हा मला मिळू नये, अशी तजवीज करून गेला की!

दुकानात येऊन त्याने सुतळी कापली. डबा हातात आला की आधी त्याचा वास घ्यायचा, आत काय होतं ते ओळखायचं, हा दोघांचा जुना खेळ. त्याचा एक नियम होता, आणि तोही साडूनेच शिकवलेला. वास घ्यायचा, पण श्वास आत सोडायचा नाही. तोंड बाजूला करायचं. माणसाच्या श्वासाच्या ओलीने पत्रा आतून कुजतो.

झाकण अंगठ्याने उचललं. टक्.

चहा नाही. तंबाखू नाही. निलगिरी... इतकी ताजी, की साडू पाठीशी उभा राहून रुमाल झटकतोय असं वाटावं. घड्याळजीने मागे वळून पाहिलंसुद्धा. मागे भिंतीवरची घड्याळं टिकटिकत होती, बाकी कुणी नाही. त्याने पुन्हा नाक लावलं. निलगिरीच्या आड इस्त्रीचा सदरा, खारा वारा, आणि त्या घरच्या बैठकीचा वास. तिथे बसून त्याची बायको हसायची.

त्याचं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचा नियम तो विसरला. डब्यात तोंड घालून, दात खाऊन तो म्हणाला, "आता तरी सोड की!" आणि श्वासासकट, शब्दांसकट झाकण दाबून बसवलं.

मग ते पुन्हा उघडेना. अंगठ्याने नाही, पेचकसाने नाही. वैतागून त्याने डबा घरी नेला आणि बाकीच्यांबरोबर खाटेखाली सारला.

दुसऱ्या दिवशी बायको काम करता करता गुणगुणत होती.

"आज काय विशेष?" त्याने विचारलं.

"काही नाही. घरात बरं वाटतंय." ती त्याच्याकडे बघून हसली. तेच हसू. "काल किती हसवलंत हो. मला ठाऊकच नव्हतं तुम्हाला असं बोलता येतं."

"मी? काल?"

"बघा, परत!" म्हणून ती खुदकन हसली.

काल तो जेवून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. एक शब्द बोलला नव्हता. मग हे हसू कुणाच्या वाट्याचं? त्याला स्वतःचाच मत्सर वाटू लागला, आणि असा मत्सर काढायचा तरी कुणावर?

दिवस असेच जाऊ लागले. बायको खुलत चालली. तो दुकानातून आला की तिचं लक्ष नसायचं. तो आत हात धुवायला गेला, की ती मोकळ्या बैठकीकडे तोंड करून काहीतरी सांगायची आणि उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायची. त्याच्या धुतलेल्या सदऱ्याला निलगिरीचा वास येऊ लागला. त्याने तो सदरा घातला की वास जायचा. आपला तळहात त्याने नाकाशी धरून पाहिला. जन्मभर त्या हाताला घड्याळाच्या तेलाचा वास होता. आता कसलाच नव्हता.

"हा डबा ताईकडे परत देऊन येतो," एके सकाळी तो म्हणाला.

तिने मान वर केली नाही. ऐकलंच नाही बहुतेक. त्याने खाटेखाली हात घातला, तर बाकीचे डबे होते. हिरव्या दाराचा नव्हता.

त्या दिवशी दुकानात त्याचं लक्ष लागेना. गिऱ्हाईक फळीशी आलं, आत डोकावलं, कुणी नाही असं पुटपुटून निघून गेलं. घड्याळजी समोरच बसला होता. त्याने हाकही मारली होती.

तो उठला आणि दिवेलागणीच्या आत घरी आला. दार आतून लावलेलं होतं. या घराचं दार दिवसा कधी लागत नसे. त्याने कडी वाजवली. बराच वेळ वाजवली.

बायकोने दार उघडलं, अर्धवटच. तिने बाहेर पाहिलं. तिची नजर त्याच्यावरून फिरली, पलीकडच्या भिंतीवर गेली आणि परत आली. डोळ्यांत ओळख नव्हती.

"अगं..." तो म्हणाला. "मी आहे."

"घड्याळ द्यायचं असेल तर दुकानात या हो उद्या," ती म्हणाली. आवाज परक्या माणसाशी बोलावा तसा, सभ्य. "हे आत आहेत. डबे पुसताहेत."

तिच्या मागून निलगिरीचा दाट वास आला.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला. आवाज घड्याळजीचा होता. त्याचा स्वतःचा, तंतोतंत. फक्त त्यात कुणाच्या तरी मिशीखालचं हसू होतं. "विचार त्यांना... किती वाजले तुमच्याकडे?"

बायको हसली. सगळ्यांच्या आधी हसायची, तशी.

घड्याळजीने पाय उंबऱ्यात घालायला उचलला. तो पुढे जाईना. उघड्या रस्त्यावर, मोकळ्या हवेत तो उभा होता, आणि नाकात मात्र बंद पत्र्याचा वास भरत चालला होता. "मला आत घे," तो म्हणाला. मग आणखी एकदा म्हणाला.

त्याच्या डोळ्यांदेखत दार लागलं. तेव्हाच त्याला दिसलं, की दाराचा रंग हिरवा आहे. त्याच्या घराचं दार कधीच हिरवं नव्हतं.

आतून अंगठ्याने झाकण दाबल्याचा आवाज आला.

टक्.

आणि रस्त्यावर उरलासुरला उजेड होता, तो एकदम गेला.