डावा गाल, उजवा गाल

"आजी, ती डबी खाली ठेवा!"

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला भर दुकानात, तेही सुरकुत्यांच्या क्रीमच्या काउंटरवर, कुणी 'आजी' अशी हाक मारली तर तिने काय करावं? मी डबी आणखी घट्ट धरली. काउंटरवरची मुलगी ओशाळून गेली. बिचारी गेली दहा मिनिटं मला 'मॅडम' म्हणत होती, 'मॅच्युअर स्किन' म्हणत होती, 'म्हातारी' हा शब्द टाळण्यासाठी जिवाचं रान करत होती. आणि मागून कुणीतरी एका हाकेत तिच्या मेहनतीवर पाणी फिरवलं.

मी फणकाऱ्याने वळले.

तो होता.

केस पांढरे, चष्मा जाड, हातात निथळणारी छत्री. पण मान तशीच, किंचित डावीकडे कललेली. समोरच्याचा चेहरा बघायची ती त्याची जुनीच तऱ्हा.

चौतीस वर्षांपूर्वी आमची एक नाटकमंडळी होती. दिवसभर मी टेलिफोनच्या ऑफिसात बसायचे आणि संध्याकाळी रंगमंचावर उभी राहायचे. आवाज पडला जाडा, त्यामुळे चोविसाव्या वर्षी माझ्या वाट्याला सगळ्या म्हाताऱ्याच. कुणाची आई, कुणाची आत्या, बहुतेक वेळा आजी. मंडळीत नावच पडलं 'आजी'. तो आमचा मेकअपमन. त्याला लहानथोर सगळे 'दादा' म्हणायचे. मला मात्र ते 'दादा' कधी जिभेवर आणता आलं नाही. मी आपली "अहो, ऐका ना" अशी सुरुवात करायचे आणि बाकीच्या मुली एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या.

आता खरं काय ते सांगूनच टाकते. ती महागडी डबी मी त्याच्यासाठीच घ्यायला आले होते. म्हणजे त्याच्या नजरेसाठी. सात आठवड्यांनी जुन्या मंडळीचा मेळावा होता आणि येणाऱ्यांच्या यादीत तो होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली होती, सहा आठवड्यांत फरक दिसतो. सगळं कसं अगदी जुळून येत होतं... आणि हा शहाणा सात आठवडे आधीच उगवला!

"तुम्ही? इथे?" मी कसंबसं विचारलं.

"थोडी खरेदी होती," तो म्हणाला आणि हातातली पिशवी उगाच मागे सरकवली. "ही कशाला हवी तुम्हाला?"

"भाचीचं लग्न आहे," मी ठोकून दिलं. मला भाची नाही.

त्याने चष्मा कपाळावर चढवला, डबी माझ्या हातातून घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि पाठीमागची बारीक अक्षरं वाचू लागला. "पाणी... ग्लिसरीन... मग आणखी थोडं पाणी... वास... आणि काचेची डबी. किंमत डबीची आहे."

"माझ्या अर्ध्या पेन्शनएवढी आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच ओरडलो." तो वाकला आणि अगदी खालच्या फळीवरून एक साधी पांढरी ट्यूब उचलून आणली. "हिच्यातही ग्लिसरीन आहे. चांगलं भरपूर आहे."

"सर, ती लोक टाचांच्या भेगांना लावतात," मुलगी कळवळून म्हणाली.

"मग? टाचेला चालते आणि गालाला कमीपणा येतो?"

मला हसू आवरेना. तो गंभीरच. म्हणाला, "पैज लावा. एका गालावर ही, एका गालावर ती. दोन तास थांबायचं आणि मग उजेडात बघायचं. हाताच्या पाठीवर लावून काही कळत नाही. नवा रंग आला की आम्ही अशीच परीक्षा घ्यायचो."

मुलीने नमुन्याची डबी पुढे केली, ट्यूबचंही टोपण उघडून दिलं. रुमालाने बोटं पुसून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"लावू?"

"इतक्या वर्षांत विचारायला शिकलात म्हणजे."

"तेव्हा कामच होतं माझं ते."

"आणि आता?"

त्याने डाव्या गालावर महागडी लावली, उजव्यावर स्वस्त. बोटं पूर्वीसारखीच हलकी होती. मी डोळे मिटले. बल्बांची चौकट असलेला तो आरसा, पावडरीचा खकाणा, उकळलेल्या चहाचा वास, बाहेर खुर्च्या सरकल्याचे आवाज... सगळं एकदम जवळ आलं. तेव्हा तो म्हणायचा, "कपाळाला आठी घाला. आता हसा." जिथे कातडी मोडायची तिथे तपकिरी रेघ, तिच्या कडेने एक फिकी रेघ, की झाली सुरकुती. मी मुद्दाम मध्येच हसून रेघ बिघडवायचे, म्हणजे त्याला पुन्हा काढावी लागायची. ते त्याला कळत होतं की नाही, देव जाणे.

डोळे उघडले तेव्हा काउंटरवरची मुलगी आमच्याकडे पाठ करून बाटल्या लावत बसली होती. आधीच लावलेल्या बाटल्या.

बाहेर भुरभुर चालू होती. "गाल भिजता कामा नयेत," असं बजावत त्याने छत्री सगळीच्या सगळी माझ्यावर धरली. समोरच्या चहाच्या दुकानात पोचेपर्यंत त्याचा एक खांदा चिंब झाला होता. आम्ही खिडकीजवळचं टेबल धरलं. दोन तास काढायचे होते.

पहिला अर्धा तास इकडच्या तिकडच्या गप्पांत गेला. तो आता एका नाट्यशाळेत आठवड्यातून दोनदा मेकअप शिकवतो. लग्न केलं नाही. "आज या गावी, उद्या त्या गावी, अशा माणसाच्या गळ्यात कोण पडणार?" मी माझी मुलगी, तिची नोकरी, माझं टेलिफोनमधून रिटायर होणं, सगळं सांगून टाकलं. माझा नवरा जाऊन आठ वर्षं झाल्याचंही सांगितलं. बोलता बोलता लक्षात आलं, तो माझ्या डोळ्यांच्या कडा बघतोय.

"काय बघताय?"

"चुकलो होतो मी," तो म्हणाला. "मी तुमच्या सुरकुत्या ओठांच्या बाजूला काढायचो, खाली ओढलेल्या. दुःखी बाईच्या. त्या तुम्हाला आल्याच नाहीत. तुमच्या सगळ्या डोळ्यांपाशी आल्या, हसण्याच्या."

"नवरा फार हसवायचा," मी म्हटलं. "भला माणूस होता."

"बरं वाटलं ऐकून. खरंच बरं वाटलं."

आणि ते त्याला खरंच बरं वाटलं होतं. तो कसा माणूस आहे हे मला त्या क्षणी पुन्हा आठवलं आणि चौतीस वर्षं गिळून ठेवलेला राग भसकन वर आला.

"तुम्हाला एक विचारू? शेवटचा प्रयोग आठवतो?"

त्याने कप खाली ठेवला.

तो दुसऱ्या दिवशी एका फिरत्या कंपनीबरोबर निघून जाणार होता. मेकअपच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. त्या नाटकात शेवटी आजी घर सोडून निघालेल्या नातवाला म्हणते, "जाऊ नकोस." त्या संध्याकाळी, तो माझ्या कपाळावर रेघ काढत असताना, मी सगळा धीर गोळा करून म्हटलं होतं, "जाऊ नका." आणि तो ब्रश न थांबवता म्हणाला होता, "वाक्य चुकतंय. 'नकोस' आहे, 'नका' नाही."

झालं. मी त्यानंतर तोंड उघडलं ते थेट रंगमंचावर. आणि 'नकोस' असं खणखणीत म्हटलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे महिन्याभरात माझं लग्न ठरलं.

"एवढी वर्षं मी मनाची समजूत घालत आले," मी म्हटलं, "की बिचाऱ्याला वाटलं, मी संवाद पाठ करतेय. नाटकवाल्यांची ही खोडच. कुणी खरं बोललं तरी आपण वही उघडून बघतो. मला एवढंच सांगा... तुम्हाला तसंच वाटलं होतं ना?"

खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "मला कळलं होतं."

"काय?"

"तुम्ही आख्ख्या मंडळीत कुणाला 'नका' म्हणायचात? मलाच फक्त. कळलं होतं मला. पण माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी होती आणि तुमच्यासाठी बँकेतलं स्थळ आलेलं होतं. मी घाबरलो. हातात ब्रश होता म्हणून निभावलं. नाहीतर रडलो असतो."

मला वाटलं होतं, हे ऐकून मन हलकं होईल. कसलं काय! अंगाचा तिळपापड झाला. "वा! माझ्या वाटचं तुम्हीच ठरवून मोकळे झालात? मला विचारायचं तरी होतं! पेटी घेऊन मी आले नसते कशावरून?"

"आला असतात," तो हळूच म्हणाला. "त्याचीच भीती वाटली."

माझे डोळे भरून आले. मी घाईने रुमाल उचलला, तर त्याने माझं मनगट धरलं. "थांबा, गाल पुसले जातील!" आणि मग त्या अवस्थेतही आम्ही दोघं असे हसत सुटलो की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. मनगट त्याने सोडलं नाही. मीही सोडवून घेतलं नाही.

दोन तास झाले. त्याने मला उजेडाकडे वळवलं, डावा गाल बघितला, उजवा बघितला, पुन्हा डावा.

"फरक?" मी विचारलं.

"काडीचाही नाही."

"हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"डबीवरचं वाचल्या वाचल्या."

"मग दोन तास कशाला बसवलंत मला?"

"दोन तास हवे होते," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. या वयात!

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मला भाची नाही," मी म्हटलं. "मेळाव्याला तुम्ही येणार म्हणून घेत होते. तुम्हाला मी बरी दिसावं म्हणून."

त्याने टेबलाखालची पिशवी वर घेतली आणि आतलं खोकं माझ्यासमोर ठेवलं. केसांचा कलप होता. काळाभोर. "मीसुद्धा मेळाव्यासाठीच..." एवढंच बोलला.

आम्ही पुन्हा दुकानात गेलो तेव्हा पाऊस थांबला होता. मुलीने उत्सुकतेने माझ्या दोन्ही गालांकडे बघितलं, मग आमच्या चेहऱ्यांकडे, आणि काय समजायचं ते समजून तिने निमूटपणे महागडी डबी कपाटात ठेवली.

"ट्यूबच देते," ती म्हणाली. "सरांनाही हवी का? दोन छोट्या घेतल्या तर वेगवेगळ्या घरी न्यायला सोप्या पडतील. नाहीतर एक मोठी येते, पण ती मग एकाच घरात राहणार."

त्याने माझ्याकडे बघितलं. या वेळी त्याने काही ठरवलं नाही, काही सुधारलं नाही. नुसता वाट बघत उभा राहिला.

"मोठी द्या," मी म्हटलं.