स्टिरिओतले साडेचार

"पहाटे गाडी माझ्या बाबांकडे नव्हतीच!" निकिता दारातूनच म्हणाली.

नाशिकच्या शालिमार भागातल्या ऑफिसात खासगी तपासनीस आरोही पगारे आणि तिचे मदतनीस सावळीराम, निवृत्त एसटी कंडक्टर, चहा पीत होते. आरोहीने कप खाली ठेवला.

पिंपळगाव बसवंतला पहाटे पाच चाळीसला एका मोटारीने झुंबरबाईंना उडवलं होतं. द्राक्षांच्या पॅकहाऊसवर कामाला निघालेली ती म्हातारी आता बेशुद्ध होती. पॅकहाऊसचे मालक रविराज यांच्या गाडीचा दिवा फुटलेला सापडला आणि पोलिसांनी त्यांचा ड्रायव्हर पुंजा, म्हणजे निकिताचे वडील, याला चौकीत नेलं.

अकराला दोघं रविराजच्या बंगल्यावर पोचली. गाडी अंगणातच होती. शेजारी हवालदार उभा होता.

"गाडी रात्री पुंजाकडेच होती," रविराज म्हणाले. "पावणेसहाला त्याने आणून लावली, किल्ली दिली नि चालत पॅकहाऊसवर गेला. मी गेटला आतून कुलूप घालून झोपलो. घरात एकटाच होतो. आठला पोलिसांनीच उठवलं."

"गाडीत कॅमेरा दिसतोय."

"कार्डात आठच्या आधीचं काहीच निघालं नाही. त्या स्टिरिओवाल्या अश्विनने वायरिंगच ढिलं ठेवलंय."

हवालदार म्हणाला, "सहा ते आठ पुंजा पॅकहाऊसच्या सीसीटीव्हीत दिसतो, मॅडम. पण अपघात त्याच्या आधीचा."

रविराजचे धाकटे भाऊ शेखर कपाळ पुसत पुढे आले. "गेटची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. पण मी काल चांदवडला सासुरवाडीत होतो. सकाळच्या एसटीने आलो." त्यांनी खिशातून तिकीट काढलं.

सावळीरामांनी चष्मा चढवला. "तिकीट आजचंच हाय. चांदवडला फाडलंय, सहा बावन्नला."

आरोही हवालदाराने बोलावून घेतलेल्या अश्विनकडे वळली. गाड्यांना स्टिरिओ बसवणारा तो तरुण घाबरून गेला होता.

"मॅडम, स्टिरिओ नि कॅमेरा काल संध्याकाळीच बसवला. कॅमेऱ्याची लाईन वेगळी, फ्यूज वेगळा. उभ्या गाडीचं दार उघडलं तरी तो शूटिंग करतो."

"आणि स्टिरिओ?"

"त्याची एक वायर थेट बॅटरीवरून घेतलीय. किल्ली काढली तरी वेळ लक्षात राहते. काल मोबाईलशी मिळवून दिली होती."

"बॅटरी सोडवली तर?"

"सगळं पुसलं जातं. परत जोडली की घड्याळ बारापासून सुरू."

"किल्ली फिरव."

स्टिरिओचा पडदा उजळला. साडेचार. आरोहीने मोबाईल पाहिला. सव्वाअकरा.

"घड्याळ लय चुकलंय की," सावळीराम म्हणाले.

"चुकलेलं नाही, काका. बारापासून साडेचार तास चाललंय. सव्वाअकरातून साडेचार तास वजा करा."

सावळीरामांनी बोटांवर मोजलं. "पावणेसात."

"पावणेसातला कोणीतरी बॅटरी सोडवून परत जोडली. कॅमेऱ्याची वायर ढिली असती, तर स्टिरिओचं घड्याळ बिघडलं नसतं. नवं कार्ड घालताच त्यात आपला चेहरा येईल, म्हणून आधी बॅटरी सोडवली आणि मग कार्ड बदललं. त्या वेळी पुंजा सीसीटीव्हीसमोर होता. सात मिनिटांनी शेखर चांदवडला तिकीट काढत होते. म्हणजे इथे कुलूपबंद गेटच्या आत एकच माणूस उरतो. पुंजाने गाडी ठोकली असती, तर त्याच्यासाठी तुम्ही कार्ड कशाला लपवलं असतं, रविराज?"

रविराजचा हात शर्टाच्या खिशावर गेला. हवालदाराने तो हात धरला. खिशातून नखाएवढं कार्ड निघालं.

"अंधारात ती एकदम समोर आली," रविराज पुटपुटले. "मी थांबलो होतो. खाली उतरून पाहिलंसुद्धा."

"आणि निघून आलात."

शेखरनी भावाकडे पाठ फिरवली.

दुपारी चौकीबाहेर निकिता वडिलांच्या गळ्यात पडली. पुंजाने तिचे डोळे पुसले.

"घरी चला, बाबा. सकाळपासून तुमच्या पोटात काही नाही."

"घरी नको, पोरी. आधी दवाखान्यात जाऊ. झुंबरबाईला गावात कोणी नाय. शुद्धीवर आली, तर जवळ कुणीतरी पाहिजे."