रोज पंधरा मिनिटं

चिमणी त्या वाद्यांच्या दुकानात तिसऱ्यांदा येऊन बसली होती आणि तरी काकांच्या कपाळावर आठी नव्हती, हे त्यांचं मोठेपणच म्हणायचं. विकणारे काका आणि दुरुस्त करणारेही काकाच. काउंटरवर हिरव्या कापडावर दोन नवे ओबो ठेवले होते. काळ्या लाकडाच्या हातभर लांब नळ्या, त्यांवर चकचकीत कळा. तोंडाशी वेताच्या दोन पातळ पात्यांची रीड खोचायची आणि फुंकायचं.

"दोन्ही आठ दिवस घरी न्या," काका म्हणाले. "पण लाकूड नवं आहे. रोज पंधरा मिनिटं. सोळावं नाही! श्वासाची ओल एकदम बसली की तडकतं. वाजवून झालं की आतून रेशमी फडकं ओढायचं."

चिमणी शाळेत गणित शिकवायची. चाळिशीला टेकली तरी बाबांनी ठेवलेलं हे लाडाचं नाव काही सुटलं नव्हतं. बारा वर्षं ती ओबो वाजवत होती आणि आत्ता कुठे हात बसला होता. शहराच्या वाद्यवृंदात ओबोवाल्याची जागा रिकामी झाली होती आणि येत्या शुक्रवारी निवड होती. गेल्या खेपेला जुन्या ओबोच्या वरच्या सुरांनी ऐनवेळी दगा दिला होता. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. हुकली, तर पुढे शाळा एके शाळा.

घरी आल्यावर तिने बाबांना भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं. बाबांनी चाळीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावले होते. "वाद्य कुठलंही असू दे, तुझा आवाज मी हजारात ओळखीन," असं ते म्हणत, आणि उगाच बोलायची त्यांना सवय नव्हती.

तिने पहिला वाजवला. बाबा म्हणाले, "बरा आहे. पण नाकात बोलतोय."

दुसऱ्यात रीड नीट बसेना. ती पुन्हा पुन्हा काढून ओली करत होती.

"बस्स!" बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "हाच घे. डोळे झाकून घे. काय तो आवाज, चिमणे!"

"बाबा, मी अजून फुंकलंच नाहीये."

"चल, थट्टा पुरे. म्हातारा झालोय, बहिरा नाही."

मग तिने खरंच वाजवला. बाबा एक शब्द बोलले नाहीत. रुसले असतील, असं म्हणून तिने विषय सोडला.

दुसऱ्या दिवसापासून ती घड्याळ लावून तोच ओबो पंधरा मिनिटं वाजवू लागली. फडकं ओढून, ओबो कोरडा करून पेटीत ठेवायची. जेवताना बाबा म्हणायचे, "आज दोन तास वाजवलंस की गं. काका ओरडतील हं." ती हसण्यावारी न्यायची. पण चौथ्या सकाळी वाजवण्याआधीच तिने सहज फडकं ओढून बघितलं, तर ते ओलं आलं.

पाचव्या सकाळी ते पिळण्याइतकं भिजलं होतं. आणि कोमट होतं.

घरात दोघंच. आणि बाबांना जिना चढल्यावर बोलायलाही दम पुरत नसे.

गुरुवारी ती दुकानात गेली. पहिला ओबो काकांनी बघून लगेच बाजूला ठेवला. दुसऱ्याच्या नळीत त्यांनी बारीक दिवा घातला आणि बराच वेळ डोळा लावून बघत राहिले.

"किती वाजवलात?"

"रोज पंधरा मिनिटं. देवाशपथ."

"हे लाकूड वर्षानुवर्षं वाजलंय, बाई," काका हळूच म्हणाले. त्यांनी दिवा विझवला आणि ओबो तिच्याकडे सरकवला. "हा मी परत घेणार नाही."

"पण काका..."

"आता हा तुमचाच."

शुक्रवारी परीक्षक पडद्याआड बसले होते. ओळख पटू नये म्हणून उमेदवाराने बोलायचं नाही, असा नियम. तिचा नंबर अकरा. घाईत रीड दातावर आपटून तिचा टवका उडाला. तिने दुसरी काढली, पाण्यात बुडवली, आणि ती ओली व्हायची वाट बघत उभी राहिली. ओबो मांडीएवढ्या उंच स्टँडवर होता. खोलीत चिटपाखरू नव्हतं म्हणावं इतकी शांतता. दोन मिनिटं गेली. तीन गेली.

पडद्यामागून आवाज आला, "धन्यवाद, अकरा नंबर. एवढं पुरे."

उशीर केला म्हणून हाकललं! ती जिन्यातच बसून रडली. तेवढ्यात कार्यालयातली बाई धावत आली. "अहो, चाललात कुठे? आत एक परीक्षक अजून डोळे पुसताहेत. जागा तुम्हाला दिलीय!"

घरी येऊन तिने नवी पेटी कपाटात ठेवली आणि कडी घातली. निवड झाल्याचं बाबांना सांगितलं नाही. आधी जुना ओबो काढला. तिला फक्त स्वतःचा आवाज ऐकायचा होता.

"बाबा, ऐका हं."

बाबा हौसेने भिंतीकडे तोंड करून बसले.

तिने त्यांची आवडती संथ धून घेतली. वरचे सूर नेहमीसारखे किंचित उतरले, कळेत नेहमीसारखी थुंकी साचली. चुकत माकत, पण सगळं तिचं स्वतःचं होतं. तिला रडू आलं. शेवटचा सूर तिने श्वास संपेपर्यंत धरला आणि सोडला.

बाबा तसेच बसून होते, कानामागे हात धरून.

"कर की सुरुवात, चिमणे," ते म्हणाले. "मघापासून कान लावून बसलोय."