धाकटीची गोळी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात माझ्या पदरचं काही नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो येसाया आमच्याच गावचा. लुआंग्वा नदीच्या या काठावर कुणालाही विचारा. गेल्या ऑक्टोबरची गोष्ट, पाऊस यायच्या आधीची. नदी आटून नुसते डोह उरले होते.

येसायाचा मामा मिकेयासी गावचा शिकारी. मक्याच्या शेतात घुसणारे रानरेडे मारायला वनखात्यानेच त्याला नेमलं होतं. त्याच्याकडे दोन रायफली. एक थ्री सेव्हन्टी फाइव्ह, जड. दुसरी थ्री-नॉट-एट, हलकी, हरणापुरती. गावात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचे.

"थोरली लाथ मारते, पण संसार निभावते," मामा म्हणायचा. "धाकटी गोड बोलते. रेड्यापुढे मात्र तिचं काही चालत नाही."

आणि मग हसू थांबवून भाच्याला सांगायचा, "गोळी खांद्याचं हाड फोडून काळजापर्यंत गेली पाहिजे. नाहीतर जनावर मरत नाही, नुसतं सोसत राहतं. त्याला सोसायला लावणाऱ्यापेक्षा कसाई बरा."

असं म्हणणारा माणूस त्या दिवशी धाकटी घेऊन रेड्यावर गेला.

का गेला, कुणालाच कळेना. रेड्याला गोळी लागली. तो लव्हाळ्यात शिरला. मामा त्याच्या मागावर आत गेला, आणि दुपारी त्याच्यासाठी वर्षानुवर्षं माग काढणारा दौसी त्याला पाठीवर घालून घेऊन आला.

आम्ही मामाला पुरलं. रेडा सापडला नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. आपण जखमी केलेलं जनावर जोवर कुठेतरी फिरतंय, तोवर शिकारी घराच्या कुंपणाआत पाय ठेवत नाही. मीठ खात नाही. आणि शिकारी मेला, की त्याचं नाव त्याच्या भाच्याला देतात. नाव दिलं की मेलेला सुटतो.

म्हाताऱ्यांनी येसायाला स्पष्टच सांगितलं. "आधी रेडा. मग नाव."

थोड्या दिवसांनी येसाया दिवस कलताना मामीकडे गेला. मामीचं नाव तिसाले. ती कुंपणाबाहेर ताट मांडत होती. मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा गोळा, भोपळ्याचा पाला, वर दाण्याचा कूट.

"हे कुणासाठी, मामी?"

तिने त्याला कुंपणाआत चुलीपाशी नेलं. "बस. ऐक."

कोंबड्या अचानक गप्प झाल्या...

रातकिडेही.

मग कुंपणाबाहेर ठक् असा आवाज झाला. रायफलचा दस्ता जमिनीवर टेकवल्यासारखा.

आणि खोकला...

मामाचा. तंबाखूचा, घशात अडकणारा.

येसाया धावत बाहेर गेला. कुणी नव्हतं. मामीने तिथली जागा झाडून घेतली होती, त्या धुळीवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. ताट तसंच होतं.

"रोज येतो," मामी म्हणाली. "आत येत नाही. रीत मोडायचा नाही तो, मेला तरी."

"तुला भीती नाही वाटत?"

"नवऱ्याची कसली भीती? पण आळणी जेवण पुढे ठेवताना जीव तुटतो रे."

ती बराच वेळ चूल फुंकत राहिली. चूल चांगली पेटलेली होती.

"त्याचा खांदा दुखत होता. सायकलवरून पडला होता ना, तेव्हापासून. तुम्हाला सांगत नव्हता, हसाल म्हणून. रात्रभर कण्हायचा. मीच म्हटलं, आज धाकटी ने, थोरलीची लाथ सोसायची नाही तुला." तिने चुलीत लाकूड सारलं. "जन्मभर माझं एक ऐकलं नाही त्या माणसाने. ऐकलं ते त्या दिवशी."

"उद्या मी जातो," येसाया म्हणाला.

मामीने दोन्ही रायफली आणून पुढे ठेवल्या. येसायाचा हात आपसूक धाकटीकडे गेला. पोरगा अंगाने किडकिडीत. थोरलीने एकदा त्याला उताणा पाडला होता आणि सगळं गाव हसलं होतं.

मामीने फाडकन त्याच्या हातावर मारलं.

"तिला शिवू नकोस. सगळ्या खांद्याचा भुगा झाला तरी चालेल, पण थोरलीच ने."

उजाडताना येसाया आणि दौसी निघाले.

"थोरलीने तुला पाडलं तर मी उचलणार नाही हं," दौसी म्हणाला. "माझी कंबर आधीच गेलीय. मामाला आणताना गेली."

लव्हाळ्याच्या कडेला माग सापडला. तीन पाय नीट, चौथा फरफटलेला. रेडा जिवंत होता.

आणि त्याच्या शेजारी...

वहाणांचे ठसे. टायरच्या वहाणा, डाव्या टाचेला तारेचा टाका.

मामाच्या. त्याच्या पायात घालूनच पुरल्या होत्या.

ठसे ताजे होते. कडासुद्धा ढासळल्या नव्हत्या. दौसीने ते पाहिले आणि त्यानंतर थट्टेचा एक शब्द काढला नाही.

ठसे रेड्याच्या मागून नव्हते. शेजारून होते. जिथे रेडा दमून बसला होता, तिथे बाजूला कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसत होतं. मातीत रायफलच्या दस्त्याची खूणही होती.

इतके दिवस मामा त्याच्यासोबत चालत होता. बसत होता.

पुढे लव्हाळं डोक्यावर गेलं. वारा पडला. काही दिसेना.

आणि अगदी जवळून, पुढून, खोकला आला...

येसायाने लव्हाळं बाजूला सारलं. रेडा समोर उभा होता. नुसती हाडं. खांद्याची जखम सडली होती, तिच्यात माश्या होत्या. तो अंगावर आला नाही. त्याने फक्त मान वर केली.

येसायाचे डोळे भरून आले. नेम दिसेना.

"नेम खांद्यावर धर," कानाशी कुणीतरी म्हणालं. "श्वास सोड..."

थोरलीने त्याला उताणं पाडलं. तो उठला तेव्हा रेडा जागीच पडलेला होता. रेड्याने एकदाच लांब हंबरडा फोडला आणि शांत झाला.

"बरं झालं कानात सांगितलंस," येसाया म्हणाला.

दौसी बराच मागे, लव्हाळ्याच्या तोंडाशी उभा होता. "मी? मी तर इथून हललोच नाही."

त्यांनी रेड्याचा सडलेला खांदा चिरला. धाकटीची गोळी तिथेच होती, हाडावर चपटी झालेली. त्या बाजूचं हाड शाबूत होतं.

घरी पोचायला दिवस मावळला. मामीच्या कुंपणाचं दार सताड उघडं होतं. ती चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिलंही नाही.

"पडला ना रेडा?"

"कुणी सांगितलं तुला?"

"तो आत आला. मघाशी, दुपारी. म्हणाला, भाजीत मीठ घाल."

झोपडीत चटईसमोर ताट होतं. पुसून खाल्लेलं. शेजारच्या वाडग्यातलं पाणी हात धुतल्यासारखं गढूळ होतं, आणि खोलीभर तंबाखूचा वास होता. येसाया उलट्या पावली बाहेर आला.

पुढच्या पौर्णिमेला त्याला मामाचं नाव दिलं. थोरली दिली, धाकटीही दिली. खोकला पुन्हा कधी ऐकू आला नाही. सगळे म्हणाले, मिकेयासी सुटला.

मामी मात्र सुकत गेली. संध्याकाळ झाली की कुंपणाकडे तोंड करून बसायची. एकदा येसायाला म्हणाली, "बाहेर का होईना, होता रे."

आणि मग पावसाळा संपत आला तेव्हा, एक दिवस ती त्याला म्हणाली, "आता तूच मिकेयासी ना? मग एकदा धाकटी घेऊन जा. एखाद्या रेड्यावर. मेला नाही तरी चालेल."

येसाया हसला. त्याला वाटलं, नव्या नावावरून थट्टा चाललीय.

ती हसत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी त्याने धाकटी वनखात्यात जमा केली. त्या घरावरून दिवस मावळताना जायचं मीही टाळतो.

मामी अजून रोज कुंपणाबाहेर ताट मांडते. शेजारणीने परवा बोट लावून चाखलं. भाजी आळणी होती.