अंगठ्याएवढी चूक

तिला खरं म्हणजे वरच्या मजल्यावर जायचं होतं. जिना चढताना मोजण्यात गफलत झाली, तिने भलत्याच दाराची बेल दाबली — आणि बेल वाजायच्या ऐवजी अख्ख्या घरातले दिवे गेले! आतून एक म्हातारी ओरडली, "कोण तडफडलं ते?"

"मी वायरवाली," ती म्हणाली. "पण... दुसऱ्या घरची."

दार उघडलं ते भूगोलाच्या मास्तरांनी. मास्तर म्हटलं म्हणून लगेच टक्कल डोळ्यांपुढे आणू नका. केस दाट होते, वय तिशीचं. आणि हसले असे, की... जाऊ द्या. त्या वायरवालीला सगळे 'ठिणगी' म्हणत. त्या दिवशी ठिणगीलाच चटका बसला, एवढंच सांगतो.

घरातले स्विचचे डबे तर विचारूच नका! भिंतीतला पत्रा गंजून चाळण झालेला. एका डब्यात पालींच्या सात पिढ्या सुखाने नांदून गेलेल्या. स्वयंपाकघरातलं बटण दाबलं की शेजाऱ्यांचा रेडिओ गायचा. वरच्या मजल्यावरचं काम राहिलं बाजूला, ठिणगी इथलाच एकेक डबा काढून नवा बसवू लागली. काम दोन दिवसांचं होतं, चाललं चार दिवस. मास्तरांच्या आत्याच्या, म्हणजे त्या ओरडणाऱ्या म्हातारीच्या, नजरेतून हे सुटलं नव्हतं, पण ती नुसती गालात हसली.

पाचव्या दिवशी बैठकीतला एकच डबा उरला.

"धरणावरच्या वीजघरात नोकरी आलीय," मेन बंद करता करता ठिणगी म्हणाली. "दुसऱ्या गावी, दोन वर्षं. बारा वाजेपर्यंत हो-नाही कळवायचंय." आणि अशी थांबली, की भिंतीलाही कळावं.

भिंतीला कळलं. मास्तरांना नाही. "वा! मग... जा की," ते म्हणाले. "चांगली नोकरी आहे."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला.

ठिणगीने टेस्टर लावून पाहिला आणि करवतीचं पातं फटीत घालून डब्याचे खिळे असे कापले, की खिळ्यांना वाटावं, आपणच 'जा' म्हणालो. डबा बाहेर आला. नवा त्याहून दोन बोटं रुंद होता.

"भिंतीला टेकवून धरा हा," ती म्हणाली. तिच्या एका हातात सरळ-वाकडं दाखवणारी लेव्हल, दुसऱ्यात पेन्सिल. "हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"बेतानं."

पेन्सिल डब्याच्या कडेकडेने निघाली. कोपऱ्यावर मास्तरांचा अंगठा होता. पेन्सिल त्यालाही वळसा घालून गेली... हळू, फारच हळू.

"गुदगुल्या होतात हो!"

"होऊ द्या."

मग तिने रेषेवरून ती प्लायवूडची भिंत कापली. डब्यावर बसायची प्लेट लावून पाहिली — आणि गारच पडली. प्लेटीच्या बाजूला एक गोलसर भोक उघडंच! बारा वर्षांच्या कामात केसाएवढीही न चुकलेली ठिणगी, अंगठ्याची रेषसुद्धा कापून बसली होती.

"अगं बाई, हे काय कोरलंस?" आत्या म्हणाली.

मास्तर पुढे आले. त्यांनी भोकावर अंगठा ठेवला. चपखल बसला.

"हे... सोडून कापायचं असतं ना?"

"हो."

"मग लक्ष कुठे होतं?"

"भिंतीवर नव्हतं," ती म्हणाली. कान लालबुंद.

मास्तर घुटमळले. "मघाशी मी 'जा' म्हणालो ना —"

"म्हणालात."

"ते नुसतं तोंड म्हणालं. मी अजून काहीच म्हणालो नाही."

"मग म्हणा. बाराला दहा मिनिटं आहेत."

"नोकरी सोडू नका. आणि... मलाही सोडून जाऊ नका. दोन्ही एकदम कसं जमायचं, ते मला कळत नाही."

ठिणगीने त्यांच्याकडे पाहत फोन लावला. "हो, येतेय मी. आणि एक विचारायचं होतं... तिकडच्या शाळेत भूगोलाला मास्तर हवाय का?"

"आत्यापण हवीय का विचार!" मागून आवाज आला.

डबा बसला, मेन चालू झाला, दिवा लागला. आणि खोटं वाटेल तुम्हाला, पण कुणी बटणाला हातही लावला नसताना शेजाऱ्यांचा रेडिओ गायला लागला.