बोटांना न कळलेली शीर

डॉ. मुक्ता देऊळगावकरने आजवर बाराशे शस्त्रक्रिया केल्या होत्या, पण एकाही पोटात तिचा हात गेला नव्हता. तंतुयंत्र आल्यापासून तशी गरजच उरली नव्हती. बेंबीतल्या पेन्सिलीएवढ्या छिद्रातून यंत्राचे पाच तंतू आत जायचे आणि मुक्ता पडद्यासमोर बसून ते चालवायची. पूर्वी वीतभर चीर आणि आठ-दहा दिवस खाट. आता सकाळी पित्ताशय काढलेला माणूस संध्याकाळी चालत घरी जायचा.

त्या मंगळवारी टेबलावर रेहाना अत्तार होत्या, जालन्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या.

"डॉक्टर, सोमवारी मुलांची परीक्षा आहे हं," भूल चढण्याआधी त्या म्हणाल्या.

"शनिवारीच शाळेत जाल," मुक्ता हसली.

विसाव्या मिनिटाला पडदा लाल झाला. यकृताजवळची धमनी फाटली होती. रक्तात काही दिसेना, तेव्हा यंत्राने तंतू मागे घेतले आणि शांतपणे सांगितलं, "पोट उघडावं."

"सिस्टर, साळुंके सरांना फोन लावा!"

हाताने पोट उघडणाऱ्या जुन्या पिढीतले निवृत्त डॉ. साळुंके पुण्याहून बोलू लागले. "बरगडीखाली तिरकी चीर दे. आता हात घाल. यकृताखाली शिरांचा जुडगा लागेल, धडधडणारा. दोन बोटांत दाबून धर."

मुक्ताचा हात मनगटापर्यंत आत गेला. ऊन, निसरडं. सगळंच सारखं लागत होतं.

"सर, काहीच कळत नाहीये!"

"कळेल. डोळे मीट आणि शोध."

जुडगा सापडला तेव्हा तो धडधडत नव्हता.

बाहेर रेहानाबाईंचे पती उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पण टाकासुद्धा पडणार नाही म्हणाला होतात," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

आठवड्याने साळुंके सर स्वतः जालन्याला आले.

"मला हाताने शिकवा," मुक्ता म्हणाली.

सर म्हणाले, "ते शिक्षण बंद करण्याच्या कागदावर माझीच सही आहे. लोकांना उगाच वेदना कशाला, असं वाटलं. आणि ते खोटंही नव्हतं."

"प्रेतांवर शिकेन."

"प्रेतातून रक्त उसळत नाही, मुक्ता. ती शीर ओळखायला माझ्या बोटांना शंभर जिवंत पोटं लागली." त्यांनी खिडकीतून बाहेर बसलेल्या रुग्णांकडे पाहिलं. "शिकवतो मी. पण ज्याचं काम छिद्रातून होणार आहे, अशा कुणाला तू म्हणशील, की माझ्या शिकण्यासाठी वीतभर चीर घ्या?"